खाऱ्या पाण्याचे डाग

भर दुपारी गाडी धुणाऱ्या माणसाला मी माझ्या गाड्यांच्या पॉलिशच्या दुकानात उभं करत नाही. सौदीतल्या आमच्या उनैझात ऑगस्टमध्ये बाराच्या सुमाराला बॉनेटवर हात ठेवलात तर कातडं तिथेच राहील, आणि हे महाशय पाइप घेऊन सुरू! पाणी पडल्या पडल्या उडतं आणि पाण्यात जे काही असतं ते रंगावर बसतं. मग तोंड पाडून माझ्याकडे येतात, "अबू रकान, कंपनीने रंगच वाईट दिला हो." कंपनीने कशाला वाईट दिलाय! तुम्हाला सावलीत थांबायला दम निघत नाही, त्याला कंपनी काय करणार?

मला सगळे अबू रकान म्हणतात, म्हणजे रकानचा बाप. रकान जाऊन चौदा महिने झाले. रियाधच्या रस्त्यावर, दिवेलागणीला, गाडीसमोर उंट आला. एकवीस वर्षांचा होता. पण हाक काही बदलत नाही. बँकेत, मशिदीच्या दारात, दुकानात, दिवसातून चाळीस वेळा कुणी ना कुणी मला त्याच्या नावाने हाक मारतं आणि मी "हं, बोला" म्हणतो. आधी भीती वाटायची की एखाद्या दिवशी त्या हाकेने आत काहीतरी फुटेल. काही फुटलं नाही. लोक म्हणतात, अबू रकानचा धीर मोठा. धीर कसला डोंबलाचा! दाढ काढायला सुई दिल्यावर गाल जसा होतो तसा मी आहे. बोलतो, जेवतो, कामावर येतो.

माझा थोरला भाऊ हमूद त्याच्या मिशारीची नवी गाडी घेऊन आला तो जुलैचा शेवट होता. मिशारी बारावी झाला, रियाधला इंजिनियरिंगला प्रवेश मिळाला, म्हणून बापाने गाडी घेऊन दिली. मोतिया पांढरी. शोरूममधून थेट माझ्या दारात, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं.

"दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये," हमूद म्हणाला. "तूच कर सगळं."

"दादा, मीच करतो नेहमी. रफीकुल नुसत्या बादल्या उचलतो."

"वीस वर्षं नुसत्या बादल्याच उचलतोय मी!" रफीकुल आतून ओरडला. हा बांगलादेशातल्या सिल्हेटचा, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, माझ्याकडेच म्हातारा झाला, आणि जिभेला हाड नाही.

दोन दिवस ती गाडी माझ्या हाताखाली होती. आधी ती आत सावलीत तासभर उभी केली. पत्रा हाताला गार लागेपर्यंत मी पाण्याचा थेंब टाकत नाही. मग नुसतं पाणी, वरून खाली, कापड न लावता, म्हणजे वाळू आपली आपण निघून जाते. वाळू असताना कापड फिरवलंत तर तुम्हीच ओरखडे काढता, वाऱ्याला दोष देऊ नका. मग दोन बादल्या, एक साबणाची आणि एक कापड खंगाळायची. पाणी गाळून शुद्ध केलेलं, कारण इथल्या विहिरींच्या पाण्यात मीठ आणि चुना इतका की किटलीत दगड तयार होतो. मग पुढच्या भागावर पारदर्शक फिल्म, बाकी अंगावर काचेसारखं कडक होणारं लेपन, ते वाळायला एक रात्र. हात हे सगळं आपोआप करत होते. रकानच्या गाडीनंतर मी घरातल्या कुणाची नवी गाडी केलेली नव्हती, हे मला दुसऱ्या दिवशी दुपारी आठवलं, आणि आठवूनही मी डबा उघडून जेवलो.

गाडी न्यायला तिघं आली. हमूद आणि मिशारी आत आले. हेसावहिनी जुन्या गाडीत काच खाली करून बसली होती. मी हातात दिवा घेऊन गाडीभोवती एक फेरी मारली, प्रत्येक पत्रा तिरका बघितला. मग म्हणालो, "अशी गाडी सगळ्या उनैझात नाही. एक रेघ दाखव, दादा. एक डाग दाखव."

मिशारी आत जाऊन बसला. आरसा सारखा केला, डावा हात खिडकीबाहेर टाकला. मी त्याच्याकडे बघत राहिलो. किती वेळ ते मला सांगता येणार नाही.

"आणि आत पोरगं बघा कसं शोभतंय," मी म्हणालो.

मग हमूद घाईघाईने "माशाल्लाह, माशाल्लाह" म्हणाला आणि माझ्या पाठीवर उगीचच हात फिरवला. बाहेर वहिनीने काच वर केली.

ती तिघं गेल्यावर रफीकुल कापडं पिळत म्हणाला, "मालक, तुम्ही विसरलात."

"काय विसरलो?"

"ते तुम्हाला माहीत. मी आपला बादल्या उचलणारा."

विसरलो होतो खरा. आमच्याकडे बोबडं पोरसुद्धा दुसऱ्याचं खेळणं बघितलं की आधी माशाल्लाह म्हणतं. त्याशिवाय कौतुक केलं की दृष्ट लागते, आणि सगळ्यात वाईट दृष्ट लागते ती ज्याचं त्यातलंच काही गेलंय त्याची. शब्द तोंडात बसलेलाच असतो, आणायला लागत नाही. माझ्या तोंडून तो आला नाही, आणि एकदा नाही तर दोनदा आला नाही. एकदा गाडीला आणि एकदा पोराला.

अकराव्या दिवशी हमूद आणि मिशारी गाडी घेऊन परत आले. छत, बॉनेट, डिकी, सगळीकडे पांढुरक्या कडांची वर्तुळं. नखाने खरवडून बघितलं, निघेनात. रंगात उतरले होते. आणि एका बाजूचा टायर वेगळा होता.

"परवा फुटला," हमूद म्हणाला. "वसतिगृहाचे कागद द्यायला रियाधला चालला होता. एकशे वीसच्या वेगात होता. गाडी दोनदा गरगर फिरली आणि रस्ता सोडून वाळूत जाऊन बसली. मागून एक ट्रेलर येत होता, दखील. एवढ्या अंतरावर." त्याने हात पसरून अंतर दाखवलं. दखील हे माझं नाव. फार क्वचित कुणी घेतं.

मिशारी खाली बघत उभा होता. मी गाडीच्या पुढच्या बाजूला वाकलो.

"बंपरवरची फिल्म फाटली नाही," मी म्हणालो. "नशीब. वाळूने फाटते."

सरळ उभा राहिलो तेव्हा हमूद माझ्याकडे असा बघत होता की मी नजर वळवली. मलाही ते ऐकू आलं होतं, मी काय बोललो ते. पण बोलून गेलो होतो.

"नवा टायर फुटतो?" हमूद म्हणाला. "नव्या गाडीचा रंग असा होतो? अकरा दिवसांत दोन्ही?"

"टायर उन्हाने फुटला असेल. हवा जास्त भरली की फुटतो. आणि हे डाग तुझ्या विहिरीच्या पाण्याचे आहेत." हमूदचं घर खजुराच्या बागेतच आहे, घरातल्या नळालाही तेच खारं पाणी. "मिशारी, गाडी धुतलीस ना रे घरी?"

"हो काका. शुक्रवारच्या नमाजाला जाताना. जरा धूळ बसली होती."

"किती वाजता?"

"साडेअकरा... बारा."

"उन्हात?"

"हो."

"शाबास! आणि पुसली?"

"उशीर होत होता."

"झालं तर मग!" मी हमूदला म्हणालो. "ऐकलंस? खारं पाणी, तापलेला पत्रा, आणि पुसायला चिरंजिवांना वेळ नाही. यात माझी..." आणि तिथेच थांबलो. कारण माझी दृष्ट असं कुणी म्हणालंच नव्हतं.

"त्याच पाण्याने मी पंधरा वर्षं गाडी धुतोय," हमूद म्हणाला.

"म्हणून ती तशी दिसते."

एरवी हमूद हसला असता. त्याने मान हलवली, पुढच्या रविवारी गाडी ठेवून जातो म्हणाला, आणि त्याआधी शुक्रवारी जेवायला ये असं दोनदा सांगून गेला.

त्या आठवड्यात मी रोज स्वतःला विचारत होतो. खिडकीबाहेर हात टाकून बसलेल्या त्या पोराकडे बघताना माझ्या मनात काय होतं? काही होतं का? मी वाईट चिंतलं का? आत हात घालून चाचपावं आणि हाताला काहीच लागू नये, तसं होत होतं. चोरी केली की नाही हे चोराला तरी ठाऊक असतं. मला माझंच ठाऊक नव्हतं. आणि हमूद सोडला तर या गावात मला माणूस कोण आहे? माझी बायको तरफा चौदा महिन्यांत उंबरा ओलांडून कुणाकडे गेलेली नाही. हमूदच्या बैठकीत मला लोक सरकून जागा देतात, मिशारी कॉफी ओततो, तेवढंच माझं आठवड्याचं बाहेर जाणं. ते दार बंद झालं असतं तर मी कुठे जाणार होतो?

शुक्रवारी गेलो. बैठकीत आम्ही दोघं भाऊच होतो. मिशारीने कॉफी आणली, खजूर ठेवले. मी दोन पेले घेतले, तिसरा अर्धा ठेवून पुरे म्हणून पेला हलवला. मिशारीने हमूदचा पेला तबकात टाकला. माझा पेला त्याने हातातच धरला, सरळ, न हिंदकळवता, आणि दाराबाहेर गेला. दार लोटलेलं नव्हतं. मला दिसलं, भिंतीशी उकिडवा बसून तो माझी उरलेली कॉफी एका पाण्याच्या बाटलीत ओतत होता. थोडी सांडली तर बोटाने निपटून घेतली.

ते कशासाठी ते आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. ज्याची दृष्ट लागली त्याचं उष्टं किंवा अंगधुणं घ्यायचं आणि ज्याला लागली त्याच्यावर ओतायचं. तोंडावर मागायची लाज वाटली की असं चोरून घेतात.

आणि मला राग आला. चौदा महिन्यांत पहिल्यांदा मला काहीतरी आलं ते राग आला, आणि असा आला की पायाखालची सतरंजी गोळा करत उठलो.

"दादा! माझ्या उष्ट्याची चोरी करायला पोराला लावतोस? मला विचारायला तुझी जीभ झडली होती का?"

"बस, दखील. खाली बस."

"बसत नाही! मी काय रस्त्यावरचा आहे? मागायचं असेल तर तोंडाने माग. आणि ती कॉफी त्या पांढऱ्या रंगावर ओतू नकोस, सांगून ठेवतो. साखर नसली तरी केशर आहे तिच्यात, पिवळा डाग बसेल. ते डाग मी यंत्राने दोन तासांत काढून देईन. माझं उष्टं कशाला पाहिजे?"

हमूदने डोळे मिटले. दाराबाहेरून हेसावहिनीचा आवाज आला.

"गाडी गेली खड्ड्यात, भाऊजी. गाडीसाठी कोण मागतंय? मला माझा पोरगा हवाय."

मी उभाच राहिलो.

"सप्टेंबरपासून तो दर आठवड्याला त्या रस्त्याने ये-जा करणार," ती म्हणाली. आवाज कापत होता, पण शब्द नीट येत होते. "तुम्ही त्या दिवशी त्याच्याकडे बघत होतात. मी बघितलं तुम्हाला. काय होतं तुमच्या मनात?"

"हेसा!" हमूद म्हणाला.

"विचारू दे मला. एकदाच विचारते. काय होतं?"

मी म्हणणार होतो, काही नव्हतं. तेच म्हणत आलो होतो स्वतःला. पण राग आला होता ना, त्याच्या मागोमाग बाकीचंही वर आलं.

"हा आहे आणि तो का नाही, हे होतं," मी म्हणालो. "एवढंच. त्याचं वाईट व्हावं असं नव्हतं, वहिनी. पण हे होतं."

हमूदने माझा हात धरला आणि धरूनच ठेवला.

"पातेलं आणा," मी म्हणालो. "मोठं. त्या घोटभर कॉफीने काय होणार?"

अंगणात खजुराच्या सावलीत मी स्टुलावर बसलो. नळाचं पाणी ऑगस्टमध्ये चहा करण्याइतकं तापलेलं असतं. हमूद ओतत होता, पातेलं खाली धरलं होतं. मी तोंड धुतलं, चूळ भरून त्यातच टाकली, हात कोपरापर्यंत धुतले, गुडघे धुतले, पावलं धुतली, बोटांच्या बेचक्यांतून नीट. थेंब बाहेर जाऊ दिला नाही. मला तेवढंच वाटत होतं की काही मागे राहायला नको, जे काही माझ्यात आहे ते सगळं निघून या पाण्यात यावं आणि पोराच्या कामी यावं. त्या क्षणी मला ते पोरगं जिवंत हवं होतं. हे मला अगदी स्पष्ट कळलं, आणि कळलं म्हणून इतकं बरं वाटलं की हात धुता धुता मी मध्येच थांबलो.

मग मिशारी माझ्या जागी बसला, सदरा काढून, मान खाली घालून. हमूदने मागून पातेलं उचललं.

"थांबा," वहिनी म्हणाली.

ती बाहेर आली होती. तोंडावर नकाब, नुसते डोळे दिसत होते. ती माझ्याशी बोलली.

"भाऊजी, रकानच्या गाडीच्या वेळी मीच बोलले होते. आठवतं ना? 'राजपुत्र दिसतोय काळ्या गाडीत' असं म्हणाले आणि माशाल्लाह राहून गेलं. त्याच संध्याकाळी मी स्वतः तोंड-हातपाय धुऊन बाटली भरून पाठवली होती तुमच्याकडे. कुणी मागितली नव्हती."

"हो," मी म्हणालो.

"तुम्ही ओतलीत. तरी तो तीन आठवड्यांत गेला." ती थांबली. "मी कुणाला बोलले नाही. पण चौदा महिने माझ्या मनात हेच आहे. माझी दृष्ट पाण्यानेही उतरली नाही. आणि पाण्याने दृष्ट उतरतच नसेल, तर आता हे ओतून तरी काय होणार? मग माझ्या पोराला वाचवायचं कशाने?"

हमूद पातेलं धरून उभा होता. मिशारीच्या पाठीवर घाम होता.

ती बाटली मला दिसत होती. दुकानात फळीवर, पॉलिशच्या बाटल्यांच्या रांगेत. रकानने तीनदा विचारलं होतं, "बाबा, काकूचं पाणी ओतूया ना, ती विचारेल." मी म्हणालो होतो, ओतू रे, लेपन वाळू दे आधी. मग म्हणालो, ओतू, ऊन उतरू दे. मग हसण्यावारी नेलं. त्याला पुरल्याच्या चौथ्या दिवशी मी ती बाटली मोरीत रिकामी केली आणि रफीकुलला म्हणालो, फळी पुसून घे. हे जगात कुणालाच ठाऊक नव्हतं, तरफालाही नाही. गप्प राहिलो असतो तर पुढेही ठाऊक झालं नसतं.

"ओतलीच नव्हती, वहिनी," मी म्हणालो.

"काय?"

"बाटली. मी ओतली नाही. ना गाडीवर, ना त्याच्यावर."

"का?"

"तुमच्या विहिरीचं पाणी होतं. काळा रंग होता. डाग पडले असते."

हमूदच्या हातातलं पातेलं डचमळलं. वहिनी माझ्याकडे बघत होती आणि मला वाटलं आता ती ओरडेल, शिव्या देईल, आणि द्याव्यात असंही वाटलं. पण ती एक पाऊल पुढे आली.

"म्हणजे उतरते," ती हळूच म्हणाली. "पाण्याने उतरते. उतरते ना, भाऊजी?"

हो म्हणायचं म्हणजे रकानचं जाणं माझ्या माथी घ्यायचं, हे मला समजत होतं. तिलाही समजत असावं, पण तिचा पोरगा समोर बसला होता. मला स्वतःला ते खरं वाटतं की नाही हे मी आजही सांगू शकत नाही. छाती इतकी दुखत होती की उभं राहवेना.

"उतरते, वहिनी," मी म्हणालो. "ओतलं असतं तर उतरली असती."

तिने हमूदच्या हातून पातेलं घेतलं आणि सगळं पाणी एका दमात मिशारीच्या डोक्यावर ओतलं.